नादारीचा अर्ज करावा का? कर्जात अडकलेल्या वाचकांचे प्रश्न

मिळकत तुटपुंजी, देणं डोईजड, आणि कोणीतरी कानात सांगितलेलं असतं, ‘दिवाळखोरी जाहीर कर, सगळं माफ होतं.’ अशी पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बोलताना आपण दिवाळखोरी म्हणतो, कोर्टाच्या कागदावर नादारी असतं, अर्थ एकच. पत्रलेखकांची नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी खासगी कंपनीत हिशेब विभागात कारकून आहे. हातात २४,००० रुपये येतात. घरभाड्यासह घरखर्च १७,००० च्या खाली येत नाही. बँकेचं वैयक्तिक कर्ज २,८०,००० बाकी, फायनान्स कंपनीचं १,४०,०००, क्रेडिट कार्ड ९५,०००, मोबाइल ॲपवरून घेतलेली तीन कर्जं मिळून ४५,००० आणि सोनंतारण ७०,०००. पहिले दोन हप्ते आणि कार्डाची किमान रक्कम एवढंच १९,७५० होतं. गेले सात महिने एका कर्जातून दुसरं फेडतोय. २०१६ च्या नव्या कायद्यात छोट्या माणसाचं कर्ज माफ होतं असं एका सल्लागाराने सांगितलं. तो २५,००० रुपये फी मागतोय. अर्ज करू का?

उत्तर : आधी ते २५,००० वाचवा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे हे खरं. पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला आहे. पगारदार, छोटा दुकानदार, रिक्षावाला यांच्यासाठी तो अजून सुरू झालेला नाही. उद्या सुरू झाला तरी त्यातल्या ‘नव्याने सुरुवात’ या कर्जमाफीच्या तरतुदीत तुम्ही बसत नाही. कायद्यात लिहिलेली मर्यादा अशी : वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःच्या मालकीचं घर नसावं. त्या कलमाखाली ‘फाइल लावून देतो’ म्हणणारा माणूस नसलेली वस्तू विकतोय.

तुमच्यासाठी आजही जुनेच कायदे चालतात. मुंबईत १९०९ चा, त्यात अर्ज उच्च न्यायालयात होतो. बाकी महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, त्यात जिल्हा न्यायालयाकडे. अर्जासाठी किमान कर्ज अवघं ५०० रुपयांचं लागतं, म्हणजे दार तुम्हाला उघडं आहे. प्रश्न आत जाऊन हाती काय लागेल हा आहे.

त्यासाठी एक हिशेब करा. सावकार (म्हणजे तुमच्याकडून पैसे येणं असलेला कोणीही, बँकसुद्धा) कोर्टात गेला, दावा जिंकला, हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश) घेऊन तुमच्या पगारावर जप्ती आणली, असं धरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार २४,००० धरला तर १,००० वजा जाता २३,००० राहतात, त्याचे दोन तृतीयांश १५,३३३. म्हणजे १६,३३३ रुपये सुरक्षित आणि जास्तीत जास्त ७,६६७ जप्त होऊ शकतात. हुकूमनामे दोन असोत की पाच, जप्तीयोग्य भाग तेवढाच. तोही सलग किंवा तुटक मिळून २४ महिने जप्त राहिला की पुढचे १२ महिने मोकळा सोडावा लागतो, आणि सगळी २४ महिन्यांची जप्ती एकाच हुकूमनाम्याची असेल तर त्या हुकूमनाम्यासाठी तो कायमचा सुटतो. (पगारदार कारकुनाऐवजी अंगमेहनतीचा कामगार असेल, कुशल असो वा अकुशल, तर त्याची मजुरी पूर्णपणे जप्तीबाहेर आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.)

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कोर्ट सगळ्या सावकारांच्या वतीने महिन्याला ७,६६७ च्या वर घेऊ शकत नाही, आणि तुम्ही स्वतःहून १९,७५० देताय, तेही नवं कर्ज काढून. हप्ता चुकू नये ही भावना चांगली आहे. पण तिच्यापायी कर्ज फिटत नाही, वाढतंय. कार्डाचंच बघा. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर ९५,००० वर ३,३२५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५९८. किमान रक्कम पाच टक्के म्हणजे ४,७५० भरलीत की मुद्दल उतरतं जेमतेम सव्वाआठशे रुपयांनी, आणि त्याच महिन्यात कार्डावर किराणा घेतला तर तेही नाही.

नादारीने तुमच्या बाबतीत काय होईल? सोनंतारणाला काही फरक पडणार नाही. तारण घेतलेल्या सावकाराचा तारण विकण्याचा हक्क नादारीतही शाबूत राहतो, दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो. बिनतारण ५,६०,००० च्या सावकारांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर कारवाई करता येणार नाही, हा फायदा. पण आजघडीला एकाही सावकाराने दावा लावलेला नाही, म्हणजे ज्या कारवाईपासून संरक्षण मागायचं ती सुरूच झालेली नाही. घर, जमीन नाही, त्यामुळे वाटायलाही काही नाही. त्या बदल्यात राजपत्रात नाव, वर्षानुवर्षं तारखा आणि वकिलाचा खर्च. आमचं मत : आत्ता अर्ज करू नका.

करायचं ते असं. एका कागदावर प्रत्येक कर्जासमोर सहा गोष्टी लिहा : आज बाकी किती, तारण काय, जामीनदार कोण, कोरे चेक किंवा ऑटो-डेबिट दिलंय का, शेवटचा पैसा कोणत्या तारखेला भरला, आणि कागद कुठे आहे. मग खर्च वजा जाता उरणाऱ्या ७,००० मधून आधी सोनंतारणाचं व्याज बाजूला काढा. १२ टक्के दर धरला तर महिना ७०० रुपये. राहिले ६,३००. ते बिनतारण कर्जांत बाकीच्या प्रमाणात वाटा : बँकेला ३,१५०, फायनान्स कंपनीला १,५७५, कार्डाला साधारण १,०७०, ॲपवाल्या तिघांना मिळून ५०५. हाच तक्ता, पगारपत्रक आणि भाडेकरार जोडून प्रत्येकाला लेखी पत्र द्या आणि हप्ता तेवढा करून मुदत वाढवून मागा. सगळ्यांना एकच तक्ता द्यावा. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी सांगितलं की दोघांचा विश्वास जातो.

काही जण लगेच मान्य करणार नाहीत. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक धरलं जातं, सिबिलवर नोंद होते, फोन वाढतात. हे तीन-चार महिने सर्वांत कठीण असतात, आणि माणूस नेमक्या याच वेळी खासगी सावकाराकडून नाहीतर नव्या ॲपवरून पैसे उचलतो. तेवढं टाळलंत तर पुढचा रस्ता तुमचा आहे.

आणखी तीन गोष्टी विसरू नका. पगार ज्या बँकेत जमा होतो तिचंच कर्ज असेल तर बँक खात्यातली रक्कम परस्पर वळती करून घेऊ शकते. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत हलवा आणि ते सर्वांना उघडपणे कळवा. भविष्य निर्वाह निधी काढून बिनतारण कर्ज फेडू नका. त्या पैशाला कायद्याने जप्तीपासून संरक्षण आहे. काढून खात्यात आला की ते गेलं. तिसरी गोष्ट, ऑटो-डेबिट पुरेशा शिलकीअभावी परत गेलं तर चेक न वटण्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून हप्ता भरता येणार नाही हे ठरलं की आधी सावकाराला आणि बँकेला लेखी कळवून ते बंद करायचा अर्ज द्या, आणि न वटल्याची नोटीस आलीच तर मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत पैसे भरा किंवा वकील गाठा. नादारीचा हुकूम या खटल्यापासून वाचवत नाही.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्ती आणि विक्रीचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. घाऊक व्यापाऱ्याने ३,६०,००० चा हुकूमनामा घेतलाय, बँकेचा दुसरा २,१०,००० चा आहे. दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) लागली, घरी बेलीफ येऊन गेला, आता मला अटक करण्याचा अर्ज दिलाय. सध्या दुसऱ्याच्या दुकानात १५,००० वर काम करतो. वडिलोपार्जित घरात तीन भावांत माझा तिसरा हिस्सा आहे, किंमत तीन लाखांच्या आसपास. भाऊ म्हणतो, हिस्सा जायच्या आत हक्कसोडपत्र करून दे, मग नादारी घे. योग्य आहे का?

उत्तर : नादारीचा विचार खरोखर करावा असं पत्र आम्हाला या वेळी हे एकच वाटलं. पण भावाचा सल्ला ऐकलात तर तीच नादारी अंगावर येईल.

अटकेची भीती आधी दूर करू. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. पळून जाण्याची शक्यता, मालमत्ता लबाडीने फिरवणं, किंवा ऐपत असून न देणं यांपैकी काहीतरी कोर्टाला दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. झालीच तर दिवाणी कैद तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि २,००० पर्यंतच्या हुकूमनाम्याला ती मुळीच नाही. अटक करून कोर्टापुढे उभं केलं तर नादारीचा अर्ज करता येतो हे कोर्टानेच सांगायचं असतं. महिन्याच्या आत अर्ज करीन असा जामीन दिला की सोडतात. तेव्हा अटकेच्या अर्जावरच्या तारखेला हजर राहा आणि पगाराचा पुरावा द्या. गैरहजर राहणाऱ्याविषयीच कोर्टाला ‘पळतोय’ असं वाटतं.

आता हक्कसोडपत्र. नादारीच्या आधी दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं हस्तांतर रिसीव्हरच्या (नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर कोर्ट रद्द करू शकतं. नुसतं रद्द होऊन थांबत नाही. मालमत्ता फिरवली हा ठपका बसला की मुक्तता (देण्यांतून सुटका देणारा कोर्टाचा हुकूम) नाकारायला कारण मिळतं, फौजदारी कारवाईही होऊ शकते, आणि वर म्हटलेल्या अटकेसाठी लागणारं ‘लबाडीने फिरवणं’ तुम्ही स्वतःच्या सहीने सिद्ध करून देता. हीच गोष्ट नात्यातल्या देण्याची. अर्जाच्या आधी तीन महिन्यांत मेहुण्याचे उसने आधी फेडले आणि बाकीच्यांना ठेवलं, तर तेही उलटवलं जातं.

उलट बाजूने बघा. तुमचं बिनतारण देणं ५,७०,००० आणि हिस्सा तीन लाखांचा. जुन्या कायद्यात एक अट आहे जी आजही त्याच शब्दांत चालते : बिनतारण देण्याच्या रुपयाला आठ आण्यांइतकी मालमत्ता नसेल, तर ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने घडलं हे दाखवल्याशिवाय बिनशर्त मुक्तता मिळत नाही. तुमचे आठ आणे म्हणजे २,८५,०००. तीन लाखांचा हिस्सा ती अट पुरी करतो. म्हणजे भाऊ जो हिस्सा लपवायला सांगतोय, तोच तुम्हाला कर्जातून मोकळं करणारा आहे. भावाला घर बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर त्याने तो हिस्सा बाजारभावाने, बँकेतून पैसे देऊन, कोर्टाच्या नजरेसमोर घ्यावा. नादारीच्या कामात सावकारांपुढे तडजोडीची योजना मांडता येते. देणं शाबीत केलेल्या आणि हजर असलेल्या सावकारांपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश कबूल झाले आणि कोर्टाला ती वाजवी वाटली की ती सर्वांवर बंधनकारक होते. तुमचे सावकार दोनच. म्हणून अर्जाच्या आधी एकदा वकिलामार्फत दोघांना विचारा : भाऊ तीन लाख एकरकमी देतोय, दोन्ही हुकूमनामे पुरे झाल्याची नोंद करता का? लोकअदालतीत हे एका दिवसात होऊ शकतं, तिथे फी नाही आणि निवाड्यावर अपील नाही. दोघे ‘हो’ म्हणाले तर नादारीची गरजच उरत नाही.

एक जण अडून बसला तर अर्ज करा. अर्जात ही माहिती लागते : देणी फेडू शकत नाही हे विधान, राहण्याचं आणि कामाचं ठिकाण, जप्तीचा किंवा अटकेचा हुकूम कोणत्या कोर्टाचा, प्रत्येक सावकाराचं नाव, पत्ता, रक्कम, प्रत्येक मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे, जप्तीतून सूट असलेलं सोडून सगळं कोर्टाच्या हवाली करण्याची तयारी, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का. सोबत दोन्ही हुकूमनाम्यांच्या नकला, मिळकतपत्रिकेचा किंवा घरपट्टीचा उतारा, पगाराचा दाखला, बँकेची खाती आणि दुकानाच्या हिशेबाच्या वह्या. वह्यांवर जरा थांबतो, कारण धंदेवाइकांची प्रकरणं बहुधा इथेच अडकतात. नादारीच्या आधीच्या तीन वर्षांत धंद्याचे नेहमीचे हिशेब ठेवले नसतील तर तेवढ्यावर बिनशर्त मुक्तता अडू शकते. तुमच्याकडे वह्या नसतील तर जीएसटीची विवरणपत्रं, घाऊक व्यापाऱ्याची बिलं, बँकेची स्टेटमेंट यांवरून कोणत्या महिन्यात किती माल घेतला, किती विकला आणि तोटा कुठून सुरू झाला हे मांडून ठेवा. डबघाईला आल्यावरही उधारीवर माल उचलत राहिलात का, हा प्रश्न उलटतपासणीत येणारच.

अर्ज दाखल झाला की सावकारांना नोटिसा जातात, सुनावणी होते, प्रथमदर्शनी खरं वाटलं तर नादार ठरवल्याचा हुकूम होतो आणि तो राजपत्रात छापला जातो. त्या क्षणी सूट असलेलं सोडून तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते; मुक्ततेपर्यंत नव्याने मिळालेलीही. उद्या काकांनी मृत्युपत्राने काही ठेवलं तर ते त्यात येईल. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं सुटतात. तुमचे दुरुस्तीचे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग मशीन, मल्टिमीटर यांची यादी वेगळी करून ‘कामाची हत्यारं’ म्हणून दाखवा. ‘दुकानातलं सामान’ म्हणून ढोबळ लिहिलंत तर विक्रीला जाईल. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम वेगळा मागावा लागतो, तो आपोआप मिळत नाही.

हुकूमातच मुक्ततेचा अर्ज किती दिवसांत करायचा ते लिहिलेलं असतं. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ती चुकली की नादारीच रद्द होऊ शकते, सगळे सावकार पुन्हा मोकळे होतात, आणि दुसऱ्यांदा अर्ज करायला कोर्टाची परवानगी लागते. नुसता ‘नादार’ ठरण्याने देणं मिटत नाही. मिटतं ते मुक्ततेने. मुक्ततेनंतरही सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी राहतेच.

तोवर ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेताना समोरच्याला आपण नादार असल्याचं सांगावं लागतं, न सांगणं गुन्हा आहे. १९२० सालची रक्कम आहे, पण कायद्यात तीच आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणूकही लढवता येत नाही.

प्रश्न : आम्ही बायकांनी गटातून तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जं घेतली. घरची मिळकत १४,०००, आठवड्याचे हप्ते धरून महिन्याला ९,२०० जातात. वसुलीवाले रात्री आठला येऊन ओट्यावर बसतात, ‘अटक करवू’ म्हणतात. नादारी घेतली तर हे थांबेल का?

उत्तर : ताई, हे थांबवायला नादारी लागत नाही. पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, हे कायद्यात सरळ लिहिलं आहे. इथे तर हुकूमनामाही नाही.

रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाला बिनतारण दिलेलं कर्ज त्यांत येतं. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं नवं कर्ज द्यायचं नाही. तुमचे निम्मे म्हणजे ७,०००. ज्या कंपनीच्या कर्जाने ही रेषा ओलांडली, तिने तपासणी नीट केली नव्हती. तक्रारीत हाच मुद्दा पहिला घाला. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची. सलग दोन किंवा जास्त वेळा तुम्ही तिथे आला नाहीत तरच घरी यायचं. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास यांना बंदी आहे.

तारीख, वेळ, माणसाचं नाव, काय बोलला हे एका वहीत लिहा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. धमकी गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार. त्याच वेळी तिघांकडे हप्ता कमी करून मागा. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज घेणं मात्र आजच बंद. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा : स्त्रियांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

प्रश्न : मित्राला पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो. तो आता नादारी घेणार आहे. मी सुटलो का?

उत्तर : नाही. मुख्य कर्जदाराच्या मुक्ततेने जामीनदार मुक्त होत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. उलट तो बाहेर पडला की संस्था तुमच्याकडे वळेल. पतसंस्थेला दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. दाखला निघण्याआधी तुम्हाला नोटीस येते. म्हणणं मांडायची खरी जागा तीच : सही माझी नाही, व्याज चुकीचं लावलं, भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत. दाखला निघाल्यावर फेरतपासणी अर्जासाठी वसूल होणाऱ्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि तिथे बहुतेकांचा रस्ता संपतो. कर्ज घेताना पगारातून कपातीच्या संमतीपत्रावर सही केली होती का तेही पाहा.

मित्राच्या नादारीच्या कामात तुमचं नाव सावकारांच्या यादीत यायला हवं, कारण तुम्ही भरलेले पैसे त्याच्याकडून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुसरा जामीनदार असेल तर त्याच्याकडून निम्मा वाटा मागता येतो. संस्थेकडे तारण असेल तर कर्ज तुम्ही फेडल्यावर ते तुम्हाला मिळायला हवं. पैसे भरताना पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरले’ असं लिहून घ्या.

प्रश्न : बँक १,८०,००० च्या जागी ७०,००० वर तडजोड करायला तयार आहे असं एजंट फोनवर सांगतो. पैसे त्याच्या खात्यावर टाकायला सांगतोय.

उत्तर : त्याच्या खात्यावर एक रुपयाही नाही. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र मागा. त्यात खातं क्रमांक, तडजोडीची रक्कम, भरण्याची तारीख, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द आणि उरलेली रक्कम सोडून दिल्याचं विधान हवं. पत्र शाखेत नेऊन खरं असल्याची खात्री करा. पैसे थेट कर्जखात्यात भरा. दोन-तीन हप्त्यांत ठरलं असेल तर एक हप्ता एक दिवस उशिरा गेला तरी काय होईल हे पत्रात वाचा. बहुधा सगळी तडजोड रद्द आणि भरलेले पैसे व्याजात जमा. म्हणून पैसे हातात आल्यावरच सही करा, ‘पुढच्या महिन्यात बोनस येईल’ या भरवशावर नाही. शेवटी ना-देय दाखला, दिलेले चेक परत आणि दावा असेल तर मागे घेतल्याची नोंद.

सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहील, ‘बंद’ नाही. तडजोडीनंतर त्याच बँकेकडून नवं कर्ज किमान १२ महिने मिळणार नाही. तुमच्या मिळकतीत ही किंमत आम्हाला परवडणारी वाटते.

प्रश्न : २०१९ मध्ये शेवटचा हप्ता भरला. दावा कधीच झाला नाही. आता वसुलीवाला म्हणतो, ‘फक्त ५०० भरा आणि या कागदावर सही करा, खातं चालू राहील.’

उत्तर : सही करू नका. साध्या पैशाच्या कर्जावर दाव्याची मुदत तीन वर्षं असते. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली, किंवा पैसे भरून तशी सही केली, तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावर कबुलीने ती जिवंत होत नाही. पण ‘जुनं कर्ज फेडीन’ असं सही करून लेखी वचन दिलं तर तो नवा करार धरला जातो आणि त्यावर दावा लागतो. तो कागद बहुधा असाच असतो. आधी वकिलाकडून तारखा तपासा, कारण मधल्या काळात तुम्ही ईमेल किंवा पत्र लिहिलं असेल तर हिशेब बदलतो. कोर्टात हुकूमनामा आधीच झाला असेल तर मुदत बारा वर्षांची. तुमच्या नावावर एखादं जुनं प्रकरण आहे का ते ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं.

प्रश्न : गावातल्या माणसाकडून दहा टक्के महिना व्याजाने ५०,००० घेतले, दोन वर्षांत १,१०,००० दिले तरी मुद्दल तसंच. त्याच्याकडे माझे तीन कोरे चेक आणि शेतीचं खरेदीखत आहे. नादारीत हे खरेदीखत सुटेल का?

उत्तर : नादारीत नाही, पण महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ खाली सुटू शकतं. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात गेल्या १५ वर्षांत लिहून दिलेली जमीन चौकशीनंतर परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. चौकशीत खरेदीखतातली किंमत आणि त्या वेळचा बाजारभाव यांतला फरक, जमीन आजही तुम्हीच कसताय हे दाखवणारी पीकपाहणी, आणि तुम्ही दिलेल्या व्याजाचे फोनवरून केलेले व्यवहार उपयोगी पडतात. रोख दिलं असेल तर ज्याच्यासमोर दिलं त्याचा जबाब. कोरे चेक दिल्याचं तक्रारीत चेक क्रमांकासह आजच लिहा, कारण उद्या तो चेक भरून न वटल्याची नोटीस आली, तर ‘हे मी आधीच सांगितलं होतं’ असं म्हणायला तुमच्या हातात तारीख असलेली पोच असेल.